मैदानाला पायऱ्या फुटतात तेव्हा

‘स्टेडियम’ हा शब्द मराठीत आता चांगलाच मुरला आहे. आमच्या यवतमाळात ऑटोवाल्याला ‘नेहरू स्टेडियम’ एवढे सांगितले, की तो दुसरा प्रश्न विचारीत नाही. पण या शब्दाचे कूळ शोधायला गेले, की एक मोठी मौजेची गोष्ट हाती लागते. मूळ ग्रीक शब्द ‘स्टॅडियन’. त्याचा अर्थ पायऱ्या नव्हे, खुर्च्या नव्हे, इमारत तर मुळीच नव्हे. स्टॅडियन म्हणजे अंतर मोजण्याचे एक माप, सहाशे पावलांचे! ऑलिम्पियाच्या मैदानावर हे अंतर सुमारे १९२ मीटर भरते. इ. स. पूर्व ७७६ मध्ये पहिले ऑलिम्पिक सामने झाले असे परंपरा सांगते, आणि त्या वेळी एकच शर्यत होती: या टोकापासून त्या टोकापर्यंत एक स्टॅडियन धावण्याची. ती जिंकणारा कोरोइबोस हा एलिस गावचा एक आचारी होता. माणूस जेवढे धावला त्या अंतराचे नाव धावपट्टीला पडले, आणि धावपट्टीचे नाव पुढे सगळ्या जागेला चिकटले.

आणि बघणारे? ते बिचारे दोन्ही बाजूंच्या गवताळ उतारावर बसत. चाळीस हजार माणसे त्या उतारांवर मावत असत, पण दगडी आसने होती ती केवळ पंचांना. बाकी राजापासून रंकापर्यंत सगळ्यांची बैठक मातीवर!

आज आपण स्टेडियमचे मोठेपण कशाने मोजतो? ‘किती हजारांचे?’ हा आपला पहिला प्रश्न. म्हणजे जो शब्द धावणाऱ्याच्या पायांनी मोजला जात होता, तो आता बसणाऱ्यांच्या संख्येने मोजला जातो. अडीच हजार वर्षांत झालेला हा बदल वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. विशेषतः स्टेडियम जेव्हा एखाद्या कॉलेजचे असते तेव्हा. कारण कॉलेज हे मुळात बघणाऱ्यांसाठी काढलेले नसते.

पाच हजारांची गॅलरी

हा विषय माझ्या डोक्यात शिरला त्याला कारण घडले ते आमच्याच गावात. मी ज्या कॉलेजात शिकलो आणि पुढे तीस वर्षे शिकवले, त्याच्या माजी विद्यार्थ्यांची सभा भरली होती. पुण्या-मुंबईला जाऊन नावारूपाला आलेली मंडळी, दोन-तीन परदेशस्थ, शिवाय गावातले डॉक्टर, वकील, कापसाचे व्यापारी असा मोठा थाट होता. कॉलेजसाठी काहीतरी भरीव करावे असे सगळ्यांनाच वाटत होते. कोणी वाचनालय म्हणाले, कोणी संगणक म्हणाले. पण एका उत्साही गृहस्थांनी ‘स्टेडियम’ हा शब्द उच्चारला, आणि सभेचा नूरच पालटला! पाच हजारांची गॅलरी, वर पत्र्याचे छप्पर, दर्शनी कमान आणि कमानीवर देणगीदारांची नावे! नकाशाही तयार होता. गुळगुळीत कागदावर रंगीत पायऱ्या, पायऱ्यांवर रंगीत माणसे. मधले मैदान तेवढे नुसत्या हिरव्या रंगाने भरून टाकलेले होते. त्यात खेळणारे कोणीच नव्हते.

त्या सभेत मी काही बोललो नाही. मास्तरकी केलेल्या माणसाची खोड अशी, की आधी वाचावे आणि मग बोलावे. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचीत सुटलो. कॉलेजांची स्टेडियमे जगात कोठे वाढली, कशी वाढली, त्यांच्यासाठी पैसा कोठून आला आणि शेवटी तो गेला कोठे? वाचकहो, हा इतिहास एखाद्या कादंबरीइतका रंजक आहे.

काँक्रीटने बदललेला खेळ

कॉलेजच्या स्टेडियमचे खरे माहेर म्हणजे अमेरिका. तिथला ‘फुटबॉल’ मात्र आपला फुटबॉल नव्हे हे आधीच सांगितलेले बरे. त्यांचा चेंडू अंडाकृती असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. अंगाला अंग भिडवून, रेटारेटी करून पुढे सरकायचे, असा तो कुस्ती आणि हुतुतू यांचा संकर आहे म्हणा ना!

१९०३ साली हार्वर्ड विद्यापीठाने या खेळासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराचे स्टेडियम उभारले. लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीट त्या काळी इतक्या मोठ्या बांधकामाला कोणी वापरत नव्हते. लोकांना धाकधूक होती, पण बांधकाम टिकले आणि आज सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावरही ते उभे आहे.

गंमत पुढेच आहे. १९०५ पर्यंत हा खेळ इतका दांडगा झाला होता, की मैदानावर तरुण मुले प्राणाला मुकू लागली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतः लक्ष घातले. खेळ सुधारा, नाहीतर बंद करा, असा ओरडा झाला. एक सूचना अशी आली, की मैदान चाळीस फुटांनी रुंद करावे, म्हणजे मुले फाकतील आणि रेटारेटी कमी होईल. पण हार्वर्डचे नवे कोरे काँक्रीट आडवे आले! पायऱ्या मैदानाच्या अगदी कडेपर्यंत बांधलेल्या. त्या फोडल्याशिवाय मैदान रुंदावणार कसे? मग मैदान सोडून नियम बदलण्यात आला. १९०६ पासून चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा मिळाली, आणि अमेरिकन फुटबॉलचे रूप कायमचे बदलले.

या एका उदाहरणातून केवढा बोध घ्यावा! पायऱ्या एकदा बांधल्या, की त्या हलत नाहीत. मग खेळालाच त्यांच्यापुढे मान तुकवावी लागते.

ॲन आर्बरचा खड्डा

पण विस्ताराची खरी कहाणी ऐकायची तर मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या गावी जायला हवे. गाव आजही सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे, आणि तिथल्या विद्यापीठाचे स्टेडियम एक लाख सात हजारांचे! सामन्याच्या दिवशी गावातली सगळी माणसे, तान्ह्या मुलांसकट, स्टेडियमात जाऊन बसली तरी फारच थोडी उभी राहतील.

हा खटाटोप केला फील्डिंग योस्ट नावाच्या गृहस्थाने. हा १९०१ साली विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून आला आणि पुढे सगळ्या खेळांचा प्रमुख झाला. जुने मैदान अपुरे पडू लागले तेव्हा त्याने लाखाच्या वर प्रेक्षक मावतील असे स्टेडियम मागितले. विद्यापीठाच्या धुरीणांनी तोंडात बोट घातले. प्राध्यापक मंडळी म्हणाली, हे विद्यापीठ आहे की सर्कस? समिती नेमली गेली, अहवाल आला, आणि अखेर ७२ हजारांना मंजुरी मिळाली. योस्ट हुशार. त्याने ७२ हजार कबूल केले, पण पाया मात्र लाखाच्या वरच्या स्टेडियमचा घातला! आपल्याकडे नाही का, घर एकमजली बांधतात पण भिंतींतून सळ्या वर काढून ठेवतात? तसेच हे.

पैसा कसा उभा केला तेही ऐकण्याजोगे आहे. प्रत्येकी ५०० डॉलरचे ३,००० रोखे काढण्यात आले. रोखा घेणाऱ्याला व्याज तर मिळेच, शिवाय सामन्याची चांगली तिकिटे विकत घेण्याचा हक्कही मिळे. एकूण खर्च आला साडेनऊ लाख डॉलर. जागा पाणथळ होती, खाली झरे होते. खोदकाम करताना एक मोठे यंत्र चिखलात रुतले ते कायमचे, आणि आजही ते स्टेडियमच्या पोटात आहे, अशी दंतकथा तिथले लोक मोठ्या प्रेमाने सांगतात. स्टेडियमचा बहुतेक भाग जमिनीत खोदलेला आहे. बाहेरून येणारा माणूस दारातून आत शिरतो तो थेट वरच्या काठावर, आणि खाली एखाद्या प्रचंड पायविहिरीसारखा खड्डा त्याला दिसतो.

१९२७ साली हे स्टेडियम उघडले, तेव्हा योस्टने वरच्या काठाला लाकडी बाकांच्या रांगा लावून संख्या ८४,४०१ पर्यंत नेलीच. १९४९ साली लाकडी बाके जाऊन लोखंडी आली आणि आकडा ९७,२३९ झाला. १९५६ साली तो १,०१,००१ वर गेला. शेवटचा तो ‘एक’ माजी प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या मानाची जागा म्हणून धरलेला आहे, आणि ती खुर्ची नेमकी कोणती हे गुपित आहे, असे सांगतात. १९७५ च्या नोव्हेंबरपासून तिथल्या प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर गर्दी झाली. करोनाच्या साथीने २०२० साली दारे बंद झाली तेवढाच खंड. सप्टेंबर २०१३ मध्ये एका सामन्याला १,१५,१०९ माणसे होती. आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये आपला, म्हणजे पायाने खेळायचा, फुटबॉल तिथे झाला. मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांच्यातला तो सामना बघायला १,०९,३१८ लोक आले.

आकड्यांनी डोळे दिपतात. पण मला या सगळ्यात अधिक मोलाची वाटली ती एक छोटी इमारत. स्टेडियम उघडल्यावर वर्षभरातच, १९२८ साली, योस्टने विद्यापीठात सामान्य विद्यार्थ्यांसाठी क्रीडागृह उभे केले. जे कॉलेजच्या संघात नाहीत, ज्यांची नावे वर्तमानपत्रात कधी येणार नाहीत, त्यांनी संध्याकाळी येऊन पोहावे, चेंडू खेळावा, घाम गाळावा, एवढ्यासाठी. ‘खेळ सगळ्यांसाठी’ हे त्याचे ब्रीद होते. फुटबॉलच्या तिकिटांचा पैसा त्याने या कामाकडे वळवला. लाख माणसे बसवण्याचा हव्यास असलेल्या त्या माणसाला, बसलेल्यांच्या पैशावर इतरांना उभे करायचे असते, हे पक्के ठाऊक होते.

नेरूळची हकिगत

आता आपल्या महाराष्ट्रात या. कॉलेजच्या आवारातले मोठे स्टेडियम म्हटले, की एकच नाव पुढे येते: नवी मुंबईत नेरूळ येथले डी. वाय. पाटील स्टेडियम.

याची पाळेमुळे १९८३ सालात आहेत. त्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. तोवर इंजिनिअरिंगला जागा मिळाली नाही, की मराठी मुलगा पेटी उचलून कर्नाटकात जात असे. या निर्णयानंतर जे ‘शिक्षणमहर्षी’ पुढे आले त्यांत कोल्हापूरच्या कसबा बावड्याचे ज्ञानदेव यशवंतराव पाटील हे एक. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, त्रिपुरा आणि बिहारचे राज्यपालपदही लाभले. कोल्हापूरचा माणूस आणि खेळाचे प्रेम नाही, हे कसे शक्य आहे? पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा फुटबॉल सामना असला, की शाहू स्टेडियमवर मुंगी शिरायला जागा नसते, असे ते गाव!

नेरूळला एकेक करीत कॉलेजे उभी राहिली, त्यांचे विद्यापीठ झाले, आणि ४ मार्च २००८ रोजी त्याच आवारात स्टेडियमचे उद्घाटन झाले. वास्तुशिल्पी हफीज कॉन्ट्रॅक्टर. छप्पर असे बांधलेले, की प्रेक्षकाच्या नजरेआड एकही खांब येत नाही. पंचावन्न हजार आसनांचे म्हणून ते गाजले. त्याच वर्षी १ जूनला आयपीएलचा पहिलावहिला अंतिम सामना इथे झाला आणि राजस्थानने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवले. म्हणजे अंगावरचे बारशाचे कपडे निघायच्या आत पोराचे लग्न लागले म्हणायचे! पुढच्या वर्षी पावसाने हिसकाही दाखवला. नोव्हेंबर २००९ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया सामना एकही चेंडू न टाकता रद्द झाला.

बांधले होते ते क्रिकेटसाठी. फुटबॉल तिथे आला २०१४ साली. मुंबई सिटी या संघाने इंडियन सुपर लीगमधले आपले घर तिथे थाटले, आणि ऑक्टोबरमधल्या पहिल्याच घरच्या सामन्यात पुण्याला पाच गोलांनी लोळवले. पण गोल मैदान आणि आयत मैदान यांचे काही केल्या जमत नाही. क्रिकेटच्या वर्तुळात फुटबॉलचा १०५ मीटर बाय ६८ मीटरचा चौकोन बसवला, की प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये भलतेच अंतर पडते. शिवाय क्रिकेटला मधोमध कडक मातीची पट्टी लागते, फुटबॉलला सगळीकडे सारखे गवत. दोन वर्षांनी मुंबई सिटी अंधेरीच्या लहानशा मैदानात राहायला गेली. पन्नास हजारांचा वाडा सोडून सात-आठ हजारांच्या बिऱ्हाडात! पण तिथे प्रेक्षक रेषेच्या जवळ बसतात, आणि बिऱ्हाड भरलेले दिसते.

पुढे २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भारतात आली. नेरूळला तिचे सामने झाले, त्यांत स्पेन आणि माली यांच्यातला उपांत्य सामना होता. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पण भारताचे सामने दिल्लीला. अशा स्पर्धेसाठी नुसते स्टेडियम पुरत नाही. सरावासाठी आसपास वेगळी मैदानेही लागतात. नेरूळमध्येच महानगरपालिकेने असे एक मैदान त्या निमित्ताने तयार केले. आणि स्पर्धेच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्र सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा असा संकल्प सोडला. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यातल्या शाळांतही चेंडू आले. काळ्या मातीच्या, मध्येच बाभळीचे झाड असलेल्या मैदानावर पोरे दिवसभर त्या चेंडूमागे धावली. माझी नात तेव्हा आठ वर्षांची होती. ती त्या दिवशी जी गोलकीपर म्हणून उभी राहिली, ती आजतागायत तिथून हललेली नाही.

मैदान किती वाजेपर्यंत मिळते?

या नातीमुळेच मला नेरूळचे स्टेडियम डोळ्यांनी बघण्याचा योग आला. २०२२ च्या ऑक्टोबरात मुलींची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली आणि तिचा अंतिम सामना ३० तारखेला नेरूळला होता. दिवाळी नुकतीच संपली होती. फराळाचा डबा घेऊन आम्ही आजोबा-नात धामणगावला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो, ठाण्याला उतरलो आणि लोकलने नेरूळ गाठले.

त्याच वर्षीच्या जानेवारीतली एक हकिगत माझ्या मनात होती. मुलींचा आशिया चषक नेरूळ, अंधेरी आणि पुणे इथे झाला. भारताच्या मुली २० जानेवारीला याच नेरूळच्या मैदानावर इराणशी बरोबरीत सुटल्या. पुढच्या सामन्याच्या दिवशी करोनाने इतक्या जणी आजारी, की संघच उभा राहीना. स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. एवढे मोठे मैदान, एवढे दिवे, आणि यजमानच घरी! ऑक्टोबरच्या स्पर्धेतही भुवनेश्वरला आमच्या मुली तिन्ही सामने हरल्या होत्या, त्यांतला अमेरिकेविरुद्धचा आठ गोलांनी.

अंतिम सामना होता स्पेन आणि कोलंबिया यांचा. ब्याऐंशी मिनिटे कोणाचाच गोल नाही. मग एक चेंडू कोलंबियाच्याच मुलीला लागून तिच्याच गोलात गेला, आणि स्पेनने तेवढ्या एका गोलावर चषक नेला. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवीत होते. माझी नात मात्र कोलंबियाच्या गोलकीपरकडे बघत होती. मी काहीतरी समजुतीचे बोलणार, तोच तिने विचारले, “आजोबा, यांना रोज मैदान किती वाजेपर्यंत मिळत असेल?”

प्रश्न साधा होता, पण त्यामागे काय आहे ते मला ठाऊक होते. तिला गावात मैदान मिळते पहाटे साडेपाच ते साडेसहा. त्यानंतर मुलांचे क्रिकेट सुरू होते. संध्याकाळी क्लास, आणि क्लास सुटेतो अंधार. मैदानाला दिवे नाहीत. कपडे बदलायला खोली नाही, म्हणून मुली घरूनच खेळाच्या कपड्यांवर सलवार चढवून येतात. मैदानाचा एक कोपरा मोटारी उभ्या करण्यासाठी घेतलेला, दुसऱ्या कोपऱ्यात लग्नाच्या मांडवांचे खड्डे बुजवायचे राहिलेले. दहा जणींपैकी चार जणींनी दहावीनंतर खेळ सोडला. घरच्यांनी बंदी केली असेही नाही. जमेना, एवढेच.

त्या रात्री परतताना मी तिला सांगितले, की तिथल्या मुलींना मैदान मिळते, दिवेही मिळतात. म्हणून त्या इथवर येतात. यावर ती म्हणाली, “मग आपल्याला आधी दिवे पाहिजेत.” माजी विद्यार्थ्यांच्या रंगीत नकाशात पाच हजार माणसे होती, कमान होती. दिव्याचा एकही खांब नव्हता.

मोठ्या स्टेडियमचे गवत कॉलेजच्या मुलांना रोज खेळायला का मिळत नाही, हेही सांगायला हवे. यात कोणाची दुष्टबुद्धी नसते. खरे गवत आठवड्यात काही तासांपेक्षा अधिक खेळ सोसू शकत नाही. मुळे तुटतात, माती उघडी पडते. शिवाय मोठे स्टेडियम चालवायचे तर ते भाड्याने द्यावे लागते. सामना असो वा जलसा. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळला इंग्लंडच्या कोल्डप्ले या वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा देशभरातून लोक लोटले. तेव्हा स्टेडियमचे गवत हे सोवळ्यातले गवत. रोजच्या खेळाला दुसरी, साधी मैदाने हवीतच. योस्टने हे १९२८ मध्ये ओळखले होते.

काळ्या मातीचे गणित

आता आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावाने काय करावे? मी एका निवृत्त इंजिनिअर मित्राला गाठले. त्याने पहिला प्रश्न विचारला तो पायऱ्यांचा नव्हे, मातीचा.

आमच्याकडची माती काळी, कपाशीची. कापसाला ती आई; बांधकामाला आणि खेळाला मात्र सावत्र आई! पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढाल्या भेगा पडतात. तिच्यावर साध्या पायाने गॅलरी बांधली, तर चार-सहा वर्षांत पायऱ्या तडकणार. म्हणून अशा मातीत खांब खोल नेतात आणि त्यांच्या बुडाशी भोपळ्यासारखा फुगवटा ठेवतात, म्हणजे माती वर ढकलू लागली तरी खांब उचलला जात नाही. ही पद्धत रुरकीच्या संशोधन संस्थेने आपल्या देशासाठी चांगली विकसित केली आहे. पण तिला पैसा लागतो, आणि तो सगळा जमिनीखाली जातो. त्याच्यावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही.

मैदानाचेही तसेच. पावसाळ्याचे चार महिने काळ्या मातीवर फुटबॉल म्हणजे पायात दोन-दोन शेर चिखल. उपाय अवघड नाही: वरची काळी माती काढायची, खाली पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जाळे घालायचे, त्यावर खडी, मुरूम, वाळू असे थर द्यायचे आणि मग गवत. मुरूम आमच्याकडे टेकड्यांवर हवा तेवढा आहे. मैदानाला मधून कडेकडे अगदी थोडा उतार द्यायचा, डोळ्यांना दिसू नये एवढा. पाणी निघून गेले, की पाऊस थांबल्यावर तासाभरात खेळ सुरू.

मित्राने कागदावर क्रम मांडून दिला. पहिल्यांदा पाण्याचा निचरा. मग गवत आणि ते जगवायला विहीर. मग मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह. मग चार कोपऱ्यांना दिवे. मग कुंपण, म्हणजे मोटारी आणि मांडव बाहेर राहतील. हे सगळे झाल्यावर एका बाजूला मातीचा उतार करून त्यावर गवत लावायचे. ऑलिम्पियात चाळीस हजार लोक तसेच बसत होते, आमचे पाचशे बसतील. आणि पाया मात्र योस्टसारखा घालून ठेवायचा. पुढेमागे गर्दी झालीच, तर पायऱ्या बांधायला कोणी अडवले आहे?

हा कागद मी माजी विद्यार्थ्यांच्या समितीकडे दिला. मोठे रण माजले. कमान गेली याचे काहींना फार वाईट वाटले. एका गृहस्थांनी विचारले, “निचऱ्याच्या नळ्यांचे उद्घाटन करायला पाहुणा कोण येणार?” प्रश्न रास्त होता. पण परदेशात राहणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीने चारही कोपऱ्यांच्या दिव्यांचा खर्च उचलण्याचे कळवले. स्वतः ती कॉलेजात असताना कबड्डी खेळत होती, आणि अंधार पडला म्हणून तिने खेळ सोडला होता. खांबावर आपले नाव घालू नये अशी तिची अट आहे. बाकीचे अजून ठरायचे आहे. सभा चालू आहेत, चहा चालू आहे.

बसणारे उठून उभे राहिले

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही स्टेडियमांच्या विरुद्धच आहात. मुळीच नाही! २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. त्याच नेरूळच्या स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे अर्धशतक आणि पाच बळी. तीनच दिवस आधी, तिथेच, जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाची ३३८ ची डोंगराएवढी धावसंख्या पार करवली होती. त्या रात्री पायऱ्यांवरचे सगळे लोक उभे होते. घराघरांत दूरदर्शन संचापुढे बसलेल्या आजीबाईही उभ्या होत्या. असा आवाज उठायला हजारो माणसे एका जागी लागतात, आणि हजारो माणसांना जागा लागते. त्यासाठी स्टेडियम हवेच.

पण त्या संघातल्या बहुतेक मुली लहान गावांतल्या किंवा शहरांतल्या आडबाजूच्या मैदानांवर वाढल्या आहेत. तिथे कोणीतरी एक मैदान त्यांना रोज काही तास मोकळे ठेवले म्हणून त्या पुढे आल्या. नेरूळच्या पायऱ्या भरतात त्या अशा बिनपायऱ्यांच्या मैदानांच्या जिवावर.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत तुम्ही आपल्या गावी जाल. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान, फराळ, भाऊबीज सगळे यथास्थित होईल. त्यातून एक संध्याकाळ काढा आणि आपल्या जुन्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर चक्कर टाका. गॅलरी आहे की नाही ते बघू नका. पावसाचे पाणी कोठे साचले आहे ते बघा. दिवे लागतात का ते बघा. आणि पाच वाजता तिथे किती मुलगे आणि किती मुली खेळत आहेत ते मोजा. परत आल्यावर देणगीचा धनादेश लिहायचा झाला, तर तो त्या मोजणीवरून लिहा.